दिवाळी ते आखाजी: मुलांसाठी ठेवलेले दहा लाख कुठे लावावेत

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या आई चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होत्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. तुम्ही तिघं भावंडं, एक पुण्यात, एक सुरतेला, एक दुबईत. तिघांनी मिळून दहा लाख रुपये बाजूला काढलेत आणि ते खानदेशातल्या मुलांसाठीच द्यायचे आहेत. शाळेत आईच्या नावाची खोली बांधावी, दरवर्षी दप्तरं-वह्या वाटाव्यात की हुशार मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, आणि पैसा योग्य जागी लागला हे कसं ओळखावं, असा तुमचा प्रश्न आहे.

नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात मुलांबरोबर काम करत मला बावीस वर्षं झाली. त्या जोरावर माझं मत सरळ सांगतो. खोली बांधू नका. दप्तरं वाटू नका. शिष्यवृत्ती द्या, पण थोडी, आणि मी पुढे सांगतो त्या रीतीने. या पैशाचा मोठा भाग एका माणसाच्या पाच वर्षांच्या मानधनासाठी ठेवा. त्याच भागातली, बारावी किंवा पदवी झालेली, पावरी किंवा भिली (सातपुड्यातल्या आदिवासी भाषा) घरात बोलणारी एखादी मुलगी तिथल्या संस्थेमार्फत शोधा आणि तिला पाच वर्षं निर्धास्तपणे मुलांमागे फिरू द्या.

असं का म्हणतो, हे समजायला आमच्याकडच्या मुलाचं वर्ष कसं जातं ते पाहावं लागेल. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा आणि तुमच्याकडे चोपडा-यावलचा डोंगराकडचा भाग, इथली जमीन पावसावरची. मका-ज्वारी दोन-चार महिने पुरते. पावसाळ्यात घरात दाणा आणि पैसा दोन्ही नसतं, तेव्हाच मुकादमाकडून उचल घेतली जाते. दिवाळी झाली की ती फेडायला निघायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. ट्रक बहुतेक रात्रीच येतो आणि पहाटेपर्यंत अर्धा पाडा रिकामा झालेला असतो. बारडोली-सुरतेकडे ऊसतोड, सौराष्ट्रात शेतमजुरी, कुठे वीटभट्टी. सातपुड्यातला माणूस होळी चुकवत नाही, म्हणून भोंगऱ्या बाजाराला (होळीआधीचा आदिवासी बाजार) आणि होळीला बरेच जण गावी येतात आणि पुन्हा जातात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमाराला पाडा भरतो.

शाळेचं वर्ष जून ते एप्रिल. त्यातलं या मुलांच्या वाट्याला येतं जून ते ऑक्टोबर, आणि त्यातही श्रावणात नाल्यांना पूर असतो. आता दान कधी येतं ते पाहा. जूनमध्ये वह्या-दप्तरं येतात. पंधरा ऑगस्टला खाऊ आणि गणवेश. मग थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये, कंपन्यांचं आर्थिक वर्ष संपत आलं की, धावपळीत सीएसआरचे (कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचे) पैसे येतात आणि महिन्याभरात खर्च दाखवा म्हणून फोन सुरू होतात. ज्या सहा महिन्यांत मूल शाळेतून निसटतं, त्या सहा महिन्यांना वालीच नाही.

हे आम्हीही चुकूनच शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका कंपनीने आमच्यामार्फत एका पाड्यावर दप्तरं वाटली. चांगल्या प्रतीची, दोन कप्प्यांची. डिसेंबरात मी त्या पाड्यावर गेलो, तर चार-पाच घरांत ती दप्तरं आढ्याला टांगलेली. आत पुढच्या पेरणीचं बियाणं, उंदरांपासून वाचवून ठेवलेलं. मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेली होती. कंपनीने दिलं ते मनापासून दिलं होतं आणि घरच्यांनी दप्तराचा उपयोगही शहाणपणाने केला होता. चूक आमची होती. मूल डिसेंबरात कुठे असेल हे ठाऊक असून आम्ही जूनच्या फोटोवर समाधान मानलं.

आता ती मुलगी, म्हणजे आमच्या भाषेत कार्यकर्ती, या महिन्यांत काय करते? ऑक्टोबरातच ती घरोघर जाऊन यादी करते: कोण जाणार, कुठे जाणार, मूल कोणाजवळ राहू शकेल. आजी-आजोबा किंवा काका-काकू असतील तर मूल गावात राहावं म्हणून बोलणी करायची असतात. ही बोलणी एका भेटीत होत नाहीत. आई म्हणते, पोरगी नेली नाही तर फडावर तान्ह्याला कोण सांभाळेल? तिचं म्हणणं खरंच असतं. अशा वेळी पुण्याहून आलेल्या माणसाचा सल्ला कुचकामी; शेजारच्या पाड्यावरची, स्वतः लहानपणी फडावर राहून आलेली मुलगी बोलली तर ऐकलं जातं.

मागे राहिलेल्या मुलांना दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळी बसायला जागा लागते. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना याचसाठी आहे, पण प्रस्ताव वेळेत गेला, शाळा व्यवस्थापन समितीने मनावर घेतलं, तरच ते सुरू होतं. तो प्रस्ताव दिवाळीच्या आत जावा म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागणं, हे तिचं काम. जी मुलं जातातच, त्यांच्यासाठी शाळेकडून शिक्षण हमी पत्र घेऊन पालकांच्या हाती द्यायचं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखला नसताना बसता येतं. गुजरातेत शाळेची भाषा गुजराती, म्हणून हे पत्र असूनही अनेकदा मूल वर्गात न जाता पडावावरच, म्हणजे मजुरांच्या तळावरच, राहतं. आमची एक कार्यकर्ती हंगामात दोनदा पडावावर जाऊन यायची. शिकवायला वेळ मिळायचाच असं नाही, पण "तुझं नाव अजून पटावर आहे, मॅडम वाट पाहतात" हे सांगून यायची. आखाजीनंतर ती मुलं शाळेत परत येत होती.

परत आल्यावरचं काम तर कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. सहा महिने अक्षराला न लागलेलं मूल जूनमध्ये पुढच्या वर्गात बसतं आणि गप्प होतं. पहिली-दुसरीतल्या पावरा किंवा भिल मुलाला मराठी तशीही नवीच असते. शिक्षक अहिराणी किंवा मराठी बोलणारे, मूल पावरी बोलणारं, आणि दोघांच्या मध्ये कोणी नाही. मे महिन्यात दोन तास, झाडाखाली, त्यांच्याच भाषेत गोष्टी सांगून मग मराठीकडे नेणारी ताई असेल तर जूनचा तो गप्पपणा बराच कमी होतो. नर्मदाकाठच्या, धरणाच्या बुडितात आलेल्या गावांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालणाऱ्या नर्मदा बचाओ आंदोलनाच्या जीवनशाळा पाहा. पैशाची आणि इमारतीची कायम ओढाताण होती, तरी त्या उभ्या राहिल्या, कारण शिकवणारी माणसं गावातली होती आणि मुलांची भाषा त्यांना येत होती.

हिशेब मांडतो. दरमहा १३,००० रुपये मानधन म्हणजे वर्षाला १,५६,०००. प्रवास आणि फोन १८,०००. पुस्तकं, पाट्या, खडू, चित्रं १६,०००. प्रशिक्षण, देखरेख आणि संस्थेचा हिशेबाचा खर्च १०,०००. एकूण दोन लाख. पाच वर्षांचे दहा. अजून खर्च न झालेली रक्कम बँकेत ठेवली तर तिच्या व्याजातून मानधनात दरवर्षी थोडी वाढ देता येते, आणि ती द्यायलाच हवी. दुसऱ्या वर्षी कार्यकर्ती सोडून गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाला वाटेल, मुलांसाठीचा पैसा पगारात कसा घालवायचा. ही शंका मला जवळपास प्रत्येक दात्याने विचारली आहे. पण शाळेच्या खर्चातून आईंचा पगार वगळला असता तर त्या शाळेत मुलांसाठी काय उरलं असतं, याचा विचार करून पाहा.

हाच पगार किती पैसा ओढून आणतो तेही सांगतो. वडील गेलेली, किंवा आई-वडील दोघंही नसलेली मुलं आपल्याकडे कमी नाहीत. जळगाव-धुळ्याच्या कापूस पट्ट्यात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची घरं तुम्हीही पाहिली असतील. अशा मुलांना घरातच राहून वाढता यावं म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे. एका मुलाला महिन्याला २,२५० रुपये, म्हणजे वर्षाला २७,०००. वीस मुलांचे अर्ज पूर्ण करून मंजूर करून घेतले तर वर्षाला ५,४०,००० रुपये थेट त्या घरांत जातात. अडतं कुठे? मृत्यूचा दाखला, आधारमधलं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, आईचं बँक खातं बंद पडलंय, बालकल्याण समितीपुढे हजर राहायला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर मजुरी बुडते. तापीकाठच्या एका गावात एक विधवा बाई मला म्हणाली होती, "कागदं दिधात, पैसा उना नही." (कागद दिले, पैसा आला नाही.) तिच्या अर्जावर एक सही राहिली होती, एवढंच. दीड वर्ष. योजनेचे हप्तेही वेळेवर येतातच असं नाही. तेव्हा कोणीतरी दर तीन महिन्यांनी कार्यालयात जाऊन विचारावं लागतं. तसंच आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,०००, चार वर्षांचे ४८,०००. डोंगरातल्या कितीतरी शाळांतून कोणी फॉर्मच भरत नाही.

अगदी लहान मुलांकडेही तुमचं लक्ष असावं असं मला वाटतं, कारण शाळेत जे दिसतं त्याची सुरुवात अंगणवाडीच्या आधी झालेली असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला की ते मूल तीव्र कुपोषित धरतात. पट्टी अंगणवाडीत असते, ताईला मोजता येतं, पोषण पुनर्वसन केंद्रही आहे. तिथे मूल साधारण चौदा दिवस आईसह ठेवावं लागतं, आणि आईला बुडीत मजुरीही मिळते. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी आई मूल घेऊन निघून जाते. लोक म्हणतात, त्यांना समजत नाही. तिला सगळं समजतं. घरी आणखी दोन लेकरं आहेत, बकऱ्या आहेत, रानात पीक उभं आहे. मागच्या लेकरांच्या जेवणाची आणि सोबतीची सोय दोन आठवडे लावली, तर ती थांबते. या सोयीचा खर्च दोन-अडीच हजारांच्या वर जात नाही. वर्षाला अशा आठ-दहा आयांसाठी वरच्या हिशेबाबाहेर थोडा पैसा वेगळा ठेवा आणि तो खर्च करण्याचा अधिकार कार्यकर्तीलाच द्या. परवानगीसाठी पुण्याला विचारत बसलो तर तोवर आई पाड्यावर पोचलेली असते.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंही तसंच. सातपुड्यातल्या आदिवासी घरांत हा आजार बराच आहे आणि तो आईवडिलांकडून येतो. तपासणी होते, गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, पण दर महिन्याला गोळ्या आणायला लागणारं जीपभाडं कोणाच्याच हिशेबात नसतं. शाळेत अंग दुखतं म्हणून बसून राहणाऱ्या मुलाला आळशी ठरवलं जातं. हे एवढंच सांगून पुढे जातो; यावर डॉक्टरांनी लिहावं.

शिष्यवृत्तीबद्दल. दहावीला पहिल्या आलेल्या मुलाला स्टेजवर पाच हजारांचं पाकीट देणं मला पटत नाही. मूल तुटतं ते नंतर, अकरावी किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षात. मोलगी किंवा चोपडा तालुक्यातल्या वैजापूरकडची मुलगी शहाद्याला, नंदुरबारला, जळगावला येते. वसतिगृहाची यादी लागायला उशीर, शिष्यवृत्ती पोर्टलवर अडकलेली, जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या शाळेचा दाखला हवा आणि आजोबा शाळेतच गेलेले नाहीत. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे मात्र पहिल्या तारखेला द्यायचे. दिवाळीला ती घरी जाते आणि परत येत नाही. कारण विचारलं तर म्हणते, "मन लागत नव्हतं." मी आता या उत्तरावर विश्वास ठेवत नाही, खोदून विचारलं की तीन-चार हजारांची थकबाकी निघते.

म्हणून तुमच्या शिष्यवृत्तीचं रूप असं ठेवा: सरकारी शिष्यवृत्ती हातात येईपर्यंतची उसनवारी. ऑगस्ट ते जानेवारी दरमहा ठरावीक रक्कम मुलाच्या खात्यात. सरकारचे पैसे आले की जमेल तेवढं परत, तेच पुढच्या मुलाला. व्याज नाही, तगादा नाही, कागदावर अंगठा-सही नाही. आमच्या अनुभवात सगळे पैसे परत येत नाहीत आणि यावेतही असं मी म्हणणार नाही, पण बरेचसे येतात आणि देणाऱ्या मुलाची मान ताठ राहते. दीड लाखाने सुरुवात होऊ शकते. हे पैसे मुख्य दहा लाखांतून काढू नका. भावांकडून वेगळे घ्या.

तुम्ही विचाराल, मग इमारती कोणी बांधायच्याच नाहीत का? आपल्या खानदेशाला देणगीची जुनी सवय आहे आणि तिच्यातूनच मी हे शिकलो. अमळनेरला प्रताप शेठजींनी गिरणीच्या पैशातून शिक्षणाला हात सैल सोडला. हायस्कूल, कॉलेज, तत्त्वज्ञान मंदिर, सगळीकडे त्यांचं देणं आहे. पण तिथल्या प्रताप हायस्कूलचं नाव आज घराघरात माहीत आहे ते १९२४ ते १९३० या काळात तिथे शिकवणाऱ्या आणि छात्रालय सांभाळणाऱ्या साने गुरुजींमुळे. मुलांच्या खोल्या झाडणारे, अंथरुणांच्या घड्या घालणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे शिक्षक. शेठजींनी भिंती दिल्या, गुरुजींनी आपल्या सगळ्या संध्याकाळी दिल्या. त्याच अमळनेरात १९४५ साली सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून पुढे विप्रो झाली, आणि अझीम प्रेमजींनी २००१ साली काढलेल्या फाउंडेशनचा मुख्य भर सरकारी शाळांच्या शिक्षकांबरोबर काम करण्यावर आहे. आज भिंती सरकार बांधतं. आश्रमशाळांच्या इमारती मी पाहिल्या आहेत, काही तर उत्तम आहेत. संध्याकाळी सहानंतर त्या इमारतीत मुलांजवळ कोण असतं, हा खरा प्रश्न आहे.

पैशाच्या कायदेशीर बाजूबद्दल थोडकं. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. देणगीवरची आयकर सवलत, जिला ८०जी म्हणतात, हवी असेल तर रोख दोन हजारांच्या वर देऊ नका, संस्थेकडून देणगीचं आयकर प्रमाणपत्र घ्या, आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मिळत नाही हे लक्षात ठेवा. दुबईतल्या भावाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसा त्याच्या स्वतःच्या कमाईचा असेल तर तो परदेशी देणगीत धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र संस्थेला परदेशी देणगीची परवानगी लागते.

सुरतेच्या भावाची कंपनी सीएसआर देऊ शकेल असं तुम्ही लिहिलंय. २०१३ च्या कंपनी कायद्यात ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के असा खर्च करावा लागतो. कंपनीतली माणसं हमखास सांगतील की पगाराला पैसा देता येत नाही, पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्पावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. आणि चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला तर सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं तो चालवता येतो, मार्चची घाई करावी लागत नाही. भावाला हे दोन मुद्दे घेऊन हिशेबनिसांशी बोलू द्या.

संस्था निवडताना मी स्वतः कार्यालयात फार वेळ बसत नाही. मी विचारतो की तुमची सर्वांत जुनी कार्यकर्ती किती वर्षं टिकली आहे, आणि तिच्याशीच बोलायला मागतो. दुसरं विचारतो, मुलांबाबत काही गैर घडलं तर तुम्ही काय करता. उत्तर ठोस हवं: कोणाला कळवतात, १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना पाठ आहे का, मुलींशी एकटं कोण बोलतं. पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने अशी गोष्ट कळवणं बंधनकारक आहे; "आमच्याकडे असं होत नाही" म्हणणाऱ्या संस्थेला मी पैसे देऊ देत नाही.

आणि फोटो. अनाथ, निराधार किंवा अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला बालन्याय कायद्याने बंदी आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी, हातात वही देऊन काढलेला तो फोटो मूल मोठेपणी पाहणार आहे. आमचा एक मुलगा आज आयटीआय करून नाशिकला नोकरी करतो. एका अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याचा सात वर्षांचा, उघड्या अंगाचा फोटो होता. तो मला म्हणाला, "भाऊ, ते पुस्तक माझ्या बायकोला दाखवू नका." त्या दिवसापासून आम्ही फोटो बंद केले. तुम्हाला महिन्याला पत्र येईल, मुलांनी काढलेली चित्रं येतील, नावं नसलेली हजेरी येईल. तेवढ्यावर भागवा.

आईंच्या नावाची पाटी हवी, ही इच्छा रास्त आहे, तिला मी नाही म्हणणार नाही. संगमरवरी पाटीऐवजी गावातल्या पेटी-वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकावर त्यांचं नाव आणि "शिक्षिका" एवढा एकच शब्द छापा. पुस्तक घरी नेणारं मूल तो वाचेल.

आता आखाजी नुकतीच झाली आहे, माणसं पाड्यांवर परतली आहेत. पोळ्याच्या आत ठरवलंत तर कार्यकर्ती निवडून ऑक्टोबरची यादी करायला वेळ मिळेल. दिवाळीनंतर ठरवलंत तर एक वर्ष गेलं म्हणून समजा. जूनमध्ये आधी आईंच्याच शाळेत जा. मुख्याध्यापकांकडून मागच्या वर्षीचे दोन हजेरीपट पाहून घ्या, सप्टेंबरचा आणि जानेवारीचा. जानेवारीत जी नावं गैरहजर आहेत ती एका कागदावर उतरवा, आणि तो कागद घेऊन मग निवडलेल्या संस्थेकडे जा.